पानाची उलटी बाजू

अवसरी बुद्रुक
१२ जानेवारी २०२५

चेतनाताई,
सप्रेम जयभीम.

शेळीचं दूध काढून झालं होतं, खुराडं उघडलं होतं, अंगणात पाणी मारून झालं होतं. चुलीवर भगुलं ठेवून मी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. तेवढ्यात ह्यांनी आतून हाक दिली, "द्रौपदा, पान आलं का बघ." मी हात धुतले, पदराला पुसले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि वाचायला लागले. "उंबरा आला. चाळण आली. उतरंड आली. पहिलं मडकं, दुसरं मडकं, तिसरं." हे म्हणाले, "दिवे?" मी म्हणाले, "समद्या मडक्यांवर हायेत." हे म्हणाले, "मंग टाक भाकरी." तोवर भगुल्यातलं पाणी आटलं होतं. मी दुसरं ठेवलं.

ह्या सकाळीत काही विशेष नव्हतं. अशा कितीतरी झाल्या. तरी तुम्हांला हीच सांगते, कारण तुम्ही ज्या खुणा काढून टाकणार आहात त्या ह्याच. उंबरा, चाळण, उतरंड, मडकं, दिवा.

मी द्रौपदा सोपान रोकडे. आपल्या वाचनालयाची वेबसाइट ज्यांनी केली त्यांची मी बायको. हे मागच्या तीन सप्टेंबरला गेले. त्याआधी अठरा वर्षं पुण्यात कंपनीत जावा ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत काम केलं, मग गावी आले. वाचनालयाच्या पुस्तकपेट्या गावोगाव फिरतात. कुठल्या पेटीत कुठलं पुस्तक आहे आणि ते जागेवर आहे का कुणी नेलंय, हे लोकांना घरबसल्या कळावं म्हणून ह्यांनी ती साइट बांधली. पुस्तक जागेवर असेल तर त्याच्या ओळीत हिरवा दिवा दिसतो. आता ती कमिटीने तुमच्याकडे सोपवली आहे, हे ग्रंथपाल हौशीरामभाऊंनी मला सांगितलं. तुमची चिठ्ठीही वाचून दाखवली. तुम्ही लिहिलंय की बांधकामाच्या खुणा पानात तशाच सोडल्यात, करणाऱ्याला कामाची माहिती नव्हती किंवा त्याने आळस केला.

ताई, आळस नव्हता. त्या खुणा पानाच्या उलट्या बाजूला, म्हणजे पानामागच्या प्रोग्रामच्या मजकुरात आहेत. लोकांना त्या दिसत नाहीत. कुणाच्या पायात येत नाहीत. मी अजून रोज सकाळी त्या वाचते. हे दाढी करत असायचे, त्यांना सवड नसायची, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे होतं. ते मी सोडलेलं नाही.

तुमचा नंबर मला दिलाय, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही. समोरचा मधेच हं हं करतो आणि माझं राहून जातं. म्हणून पत्र. माझं शाळेत जाणं चौथीपर्यंतच. पुढचं मी वाचनालयाच्या पेटीतून शिकले, तेव्हा चुका असतील.

त्या खुणा काढू नका, एवढीच विनंती.

द्रौपदा रोकडे

---

पुणे
२१ जानेवारी २०२५

आदरणीय द्रौपदामावशी,
सादर प्रणाम.

मला 'तुम्ही' म्हणू नका. मी मंचरच्या धरमचंद कापडवाल्यांची मुलगी. आमची आजी प्यारीबाई तुम्हांला ओळखते. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "अगं, ती पुस्तकात तोंड घालून बसणारी. एकदा दुकानात लुगडं घ्यायला आली आणि रद्दीतला पेपर वाचत बसली. लुगडं राहिलं, पेपर घेऊन गेली."

चिठ्ठीतले शब्द कडक होते. सोपानकाका गेलेत हे मला माहीत नव्हतं. माफ करा. पण कामाबद्दल लिहिलं ते मला मागे घेता येत नाही, म्हणून नीट समजावते.

काकांनी साइट जावात बांधली, आणि तिच्यासाठी विकेट नावाचा एक आयता सांगाडा वापरला. हा सांगाडा पानाच्या प्रत्येक भागाला एक खूण मागतो. त्या खुणेवरून प्रोग्रामला कळतं की इथे यादी भरायची, इथे दिवा लावायचा. पान लोकांकडे निघालं की खुणांचं काम संपतं. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो, कच्चे टाके घालतो. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना टाके उसवतो, खडू झटकतो. तसंच आहे हे. सांगाड्यात त्यासाठी एका ओळीची सोय आहे. तिथे 'ट्रू' लिहिलं की सगळ्या खुणा बाहेर पडताना गळतात. 'फॉल्स' लिहिलं की राहतात.

आणि मावशी, मला कोडं पडलंय ते हेच. साइट लोकांसाठी चालू केली की खुणा आपोआप गळतात, कुणाला काही करावं लागत नाही. इथे कुणीतरी मुद्दाम 'फॉल्स' लिहिलंय. का, ते तुम्हांला माहीत आहे का?

हौशीरामभाऊंकडे येडगावच्या पेटीबद्दल तक्रारी आल्यात. पान म्हणतं पुस्तक आहे, माणूस जातो आणि पुस्तक नसतं. शिनोलीची साक्षी म्हणून एक मुलगी आहे, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. शिनोलीहून येडगावला दोन वेळा एसटी बदलून आली आणि रिकाम्या हाताने गेली. तिची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. ह्या चुकीचा खुणांशी संबंध आहे की नाही, ते अजून मला सापडलेलं नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी कशाला हात लावत नाही.

तुमची,
चेतना

---

अवसरी बुद्रुक
२७ जानेवारी २०२५

चेतना,
जयभीम.

तू म्हण म्हणालीस म्हणून म्हणते.

प्यारीबाईंना सांग, ते लुगडं पुढच्या महिन्यात येऊन घेतलं. हिरवं. अजून आहे.

तुझं पत्र वाचून मी येडगावचा सगळा भाग उलट्या बाजूने पुन्हा वाचला. येडगाव माझं माहेर. ती पेटी सगळ्यांत शेवटी, मागच्या ऑगस्टमध्ये चढवली. बाकीच्या पेट्यांना ह्यांनी एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. येडगावच्या भागाची खूण आहे 'माहेर'. माहेरात एकेचाळीस मडकी आहेत. प्रत्येक मडक्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि मग दिवा. नाव, लेखक, दिवा. नाव, लेखक, दिवा. मी बोट ठेवून वाचलं. पेटीच्या वहीशी ताडून पाहिलं. एकही दिवा चुकीचा नाही. तेव्हा चूक तिथे नाही. वही लिहिणाऱ्याची असेल, नेणाऱ्याची असेल.

येडगावची पेटी लंकाबाईच्या पिठाच्या गिरणीत असते. तिचा मला फोन आला होता. म्हणाली, "बया, तुझ्या नवऱ्याची यादी हाय का भूलथाप? लोकं माझ्या गिरणीत येऊन पेटीत हात घालत्यात, पीठ सांडत्यात, वर मलाच इचारत्यात पुस्तक कुटं लपीवलं. मी काय पुस्तकं दळती का?" मी म्हणाले, यादी बरोबर आहे, मी रोज वाचते. ती म्हणाली, "मंग तू येऊन वाच हितं." आणि फोन ठेवला.

परवा हौशीरामभाऊ घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. म्हणाले, "वैनी, पोरगी हुशार हाय. ती म्हनती तसं करू द्या."
मी म्हणाले, "भाऊ, त्यांनी केलेलं मोडायचं?"
"मोडायचं न्हाई वो. साफ करायचं."
"म्हंजी घाण व्हतं का?"
त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "लई दिवस झालं, तुमी वाचनालयात आला न्हाई." आणि गेले.

'फॉल्स' कुणी लिहिलं ते विचारलंस. ह्यांनीच लिहिलं असेल. का, ते मला सांगता येत नाही. सुरुवातीला मी त्या खुणा वाचल्या तेव्हा ओळीओळीला विकेट, विकेट. मी विचारलं, "अवं, पुस्तकाच्या यादीत क्रिकेट कुठून आलं?" हे इतके हसले की खोकला लागला. त्यानंतर ह्यांनी सगळ्या खुणांची इंग्रजी नावं काढली आणि आपल्या घरातली घातली. अक्षरं इंग्रजीच, शब्द घरातले. इंग्रजी अक्षरं न अडखळता लावायला मी त्यांवरूनच शिकले.

एवढं समज आणि राहू दे.

द्रौपदामावशी

---

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय द्रौपदामावशी,
प्रणाम.

चूक सापडली. सोबत दोन कागद पाठवते. एकावर येडगावच्या यादीची उलटी बाजू छापली आहे, दुसऱ्यावर तीच यादी फोनवर दिसते तशी. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

तुमचं म्हणणं खरं आहे. उलट्या बाजूला सगळं जागेवर आहे. नाव, लेखक, दिवा. पण फोनवर ही यादी तीन-तीन घरांच्या ओळींत मांडली जाते. जे जे येईल त्याला फोन क्रमाने एकेक घर देत जातो. इतर पेट्यांच्या खुणा पुस्तकाच्या नावाला किंवा दिव्याला चिकटलेल्या आहेत, त्यांना वेगळं घर लागत नाही. 'माहेर'मध्ये मात्र सुरुवातीलाच एक खूण एकटी उभी आहे. तिच्या पोटात काही नाही. दिसत काही नाही, पण फोन तिलाही एक घर देतो. मग पुढचं सगळं एका घराने सरकतं. पहिल्या पुस्तकाचा दिवा दुसऱ्या पुस्तकाच्या ओळीत जाऊन बसतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. शेवटपर्यंत तसंच. येडगावच्या यादीत दिवे डावीकडे दिसतात, लोकांना वाटतं तिथली पद्धतच तशी असेल. साक्षीने जो हिरवा दिवा बघितला तो तिच्या पुस्तकाचा नव्हता, वरच्या पुस्तकाचा होता.

त्या एका ओळीत 'ट्रू' लिहिलं की ती एकटी खूण गळेल आणि सगळे दिवे आपापल्या जागी येतील. त्याबरोबर बाकीच्या खुणाही जातील.

मावशी, आता एक विचारायचं आहे, रागावू नका. कुठल्याही शिकाऊ पोराला हे पान एकदा उघडून बघितल्यावर कळलं असतं. सोपानकाकांचं बाकीचं काम मी आता ओळ न् ओळ वाचलंय. ते शिकाऊ नव्हते. असा माणूस आपलं शेवटचं काम एकदाही न बघता कसा पाठवेल, हे मी पप्पांपुढे बोलले. पप्पा कापड घड्या घालत होते. ते म्हणाले, "सोपानराव? ते कापड हातानंच बघायचे. पोत बरोबर ओळखायचे, मीटरही. रंग मात्र बायकोला विचारायचे. शेवटी शेवटी तर दाराची पायरीही."

त्यांना दिसत नव्हतं का?

येडगावच्या यादीवर मी तेवढी एक सूचना टाकली आहे: जाण्यापूर्वी लंकाबाईंना फोन करून खात्री करा. लंकाबाई मला फोनवर काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. बाकी कशाला हात लावलेला नाही.

तुमची,
चेतना

---

अवसरी बुद्रुक
१ मार्च २०२५

चेतना,
जयभीम.

तुझं पत्र तेरा तारखेला आलं. तीन वेळा उत्तर लिहायला बसले आणि कागद चुलीत घातले. हा चौथा.

नव्हतं दिसत. साखरेने डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलं. आधी एक डोळा गेला, तो पुण्यात असताना. तेव्हा कंपनीत सांगितलं की गावाकडे शेत बघायला माणूस नाही, आणि आम्ही परत आलो. शेत सोळा गुंठे. ते माझा दीरच करायचा. दुसरा डोळा वाचनालयाचं काम हाती घेतल्यावर सहा महिन्यांत गेला. शेवटची दोन वर्षं ह्यांना ऊन आणि सावली एवढंच कळायचं.

कमिटीला सांगायचं नाही, असं ह्यांचं होतं. म्हणायचे, "कळलं तर काम काढून घेतील. वाईट वाटून घेतील आणि काढून घेतील. मग मी बसून काय करू, द्रौपदा? ऊन मोजू?" म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. दिराला नाही, येडगावच्या भावाला नाही. वाचनालयात मी हाताला धरून न्यायची तर लोक म्हणायचे, म्हातारपणी काय हे लाड.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की हे दाढी करत असायचे म्हणून मी वाचायची. दाढीही मीच करून द्यायची.

बोटं ह्यांची शाबूत होती. न बघता टाइप करायचे, मी भाकरी थापते तसं. पण लिहिलेलं बाहेर कसं निघालं ते कळायला डोळे लागतात. बोलणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. ते भरभर इंग्रजीत बडबडायचं. ह्यांनी चार दिवस ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर ते. तू वाच." मी म्हणाले, मला कुठे येतंय. म्हणून ह्यांनी खुणांना घरातली नावं दिली. मला प्रोग्राम कळत नाही. पण उंबऱ्यानंतर चाळण यायला पाहिजे, आणि मडक्याशिवाय दिवा असू नये, एवढं कळतं. मी खुणांवरून चालत जायची आणि हे मागून यायचे. कुठे काही राहिलं तर मी थांबायची. "हितं मडकं हाय, दिवा न्हाई." हे म्हणायचे, "थांब तिथंच," आणि बोटं चालायला लागायची.

अशी आमची पद्धत होती. उलट्या बाजूने वाचायचं आणि ऐकायचं. सुलटी बाजू बघायची आम्हांला गरजच वाटली नाही. ह्यांना ती बघता येत नव्हती. आणि मी, चेतना, मी बघितली नाही. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते. ऑगस्टमध्ये माहेरचा भाग झाला तेव्हा ह्यांना ताप होता. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. एकेचाळीस मडकी, एकेचाळीस दिवे. हे म्हणाले, "बरोबर हाय का?" मी म्हणाले, "लई बरोबर हाय." माझा फोन तिथेच उशापाशी पडला होता. तो उचलून एकदा डोळ्यांनी बघायचं माझ्या मनात आलं नाही. सोळा दिवसांनी हे गेले. दुपारी दीड वाजता, मंचरच्या दवाखान्यात. मी पेलाभर पाणी आणायला गेले होते.

तुझे दोन्ही कागद मी भिंतीला लावले आहेत. फोनवरचं पान मी पहिल्यांदाच नीट बघते आहे. तू म्हणतेस तसंच आहे. प्रत्येक दिवा दुसऱ्याच्या दारात.

ती चूक त्यांची समजू नकोस. त्यांनी मला विचारलं आणि मी बरोबर म्हणाले.

एवढं सगळं लिहूनही 'कर ट्रू' असं लिहायला हात उठत नाही. साक्षीची परीक्षा मला समजते. पण रोज सकाळी मी ते पान उघडते, उंबरा म्हणते, चाळण म्हणते, आणि दिव्यापाशी आले की थांबते. ते विचारायचे तेवढा वेळ थांबते. खुणा गेल्या की कुठे थांबायचं ते मला कळणार नाही.

थोडे दिवस दे.

द्रौपदामावशी

---

पुणे
१० मार्च २०२५

प्रिय मावशी,

'आळस' हा शब्द मी मागे घेते. कमिटीलाही तसं पत्र पाठवलंय, कारण न सांगता.

आता एक गोष्ट लिहिते, ती तुम्हांला माहीत नसावी. माहीत असती तर तुम्ही लिहिली असती.

ती 'फॉल्स'ची ओळ ज्या फाइलमध्ये आहे, ती मी आधी पुण्याच्या मशीनवरून वाचली होती आणि तिथली जुनी प्रत होती. ह्या रविवारी हौशीरामभाऊंनी काकांच्या पेन ड्राइव्हवरून नवी प्रत पाठवली. जावामध्ये प्रोग्रामच्या ओळींवर आपल्यासाठी चार शब्द लिहून ठेवता येतात. मशीन ते वाचत नाही, फक्त पुढचा माणूस वाचतो. नव्या प्रतीत त्या ओळीच्या वर काकांनी लिहिलंय. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. न बघता लिहिलेलं असल्याने तुमच्या नावातलं एक अक्षर दोनदा पडलंय. तारीख मागच्या वर्षीच्या जुलैची आहे. मी जसंच्या तसं उतरवते:

"पुढे जो कोणी हे बघेल त्याला. ही ओळ बदलू नये. द्रौपदा वाचते. तिला ह्याच्याशिवाय पान सापडणार नाही. ती वाचायची थांबली की बदलावी. वाचकांना ह्या खुणांचा उपयोग नाही."

एवढंच आहे. खाली नाव नाही.

मी ते वाचलं तेव्हा ऑफिसात होते. उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

मावशी, तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक अशी की खुणा राहू द्यायच्या आणि मी फोनवरची मांडणी अशी बदलते की एकट्या खुणेला घर मिळणार नाही. होईल ते. पण उद्या दुसऱ्या गावची पेटी आली, नवं काही जोडलं, की पुन्हा कुठे काय सरकेल ते सांगता येत नाही. दरवेळी कुणालातरी शोधत बसावं लागेल. दुसरी वाट म्हणजे ती ओळ बदलायची. त्यात खुणा मरत नाहीत. काकांच्या फायलींत उंबरा, चाळण, सगळं जसंच्या तसं राहतं, नाहीतर साइट चालणारच नाही. त्या फक्त बाहेर जाताना गळतात. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर हवं तर त्या दिसतील अशी सोय करून देते.

मी पहिली वाटही आनंदाने करेन. तुम्ही सांगाल ते. पासवर्ड मी बदललेले नाहीत. तुमचा हात ज्या मशीनवर आहे तिथूनही ते होतं, काकांच्या वहीत पायऱ्या असतील.

आजी म्हणते, मंचरला आलात तर दुकानावरून तशाच जाऊ नका.

तुमची,
चेतना

---

अवसरी बुद्रुक
२० मार्च २०२५

चेतना,
जयभीम.

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी शेळीला पाला घालत होते. पाला तसाच टाकून दारातच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग शेळी ओरडायला लागली म्हणून उठले.

माझ्या नावातलं कुठलं अक्षर दोनदा पडलं ते तू लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. 'पी' पडलं असेल. ह्यांचं उजवं बोट थरथरायचं, 'पी'वर हमखास दोनदा पडायचं. मी वाचताना सांगायची आणि हे एक खोडायचे. ह्या ओळी ह्यांनी मला वाचायला लावल्या नाहीत, म्हणून ते राहिलं. ते तसंच राहू दे. बाकी काही बदललं तरी तेवढं नको.

त्याच दिवशी दुपारी मी वाचनालयात गेले. सहा महिन्यांनी. हौशीरामभाऊ पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "भाऊ, ह्यांना दोन वर्षं दिसत नव्हतं. आमी लपवून ठेवलं."
त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. म्हणाले, "बसा, वैनी. म्हाईत व्हतं."
"कुणाला?"
"समद्यांना. रजिस्टरला सही करायचे ती रेघ सोडून तिसरीकडंच. पह्यल्यांदा वाटलं घाईत हायेत. मंग कळलं."
"आन् बोलला न्हाईत?"
"काम चालू व्हतं. तुमी दोघं यायचा, नीट सांगायचा, जायचा. मंग बोलून काय करायचं?"
मी खुर्चीवर बसले. आम्ही दोन वर्षं ज्याला भीत होतो ते असं होतं. ह्यांना हे कळायला पाहिजे होतं. आता सांगायचं कुणाला.

तुझ्या दोन वाटांचा विचार केला. पहिली वाट नको. साक्षीला दिवा पाहिजे. मडक्याला आम्ही काय म्हणायचो ते तिला नको. हे तेच लिहून गेलेत. माझ्यासाठी सगळ्या तालुक्याला वळसा पडायला नको. आणि घरच्या कॉम्प्युटरवर सोय करून देते म्हणालीस, तेही नको. फायलींत आहेत एवढं पुरे. ऐकायला माणूस नसताना मोठ्याने वाचणं हे मी सहा महिने केलंय. बाहेरून जाणारे थांबून बघायचे.

अठरा तारखेला सकाळी शेळीचं दूध काढलं, खुराडं उघडलं, चुलीवर पाणी ठेवलं. मग पान उघडलं आणि उलट्या बाजूने वरपासून खालपर्यंत वाचलं. उंबरा आला. चाळण आली. उतरंड आली. सगळ्या पेट्या वाचल्या. माहेर सगळ्यांत शेवटी. एकेचाळीस मडकी, एकेचाळीस दिवे. ह्या वेळी मी दिव्यांपाशी थांबले नाही, सरळ वाचत गेले. वाचून झाल्यावर वही काढली. पायऱ्या त्यात माझ्याच अक्षरात आहेत, ह्यांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या तशा. फाइल उघडली. ते चार शब्द वाचले. 'पी'च होतं. खालच्या ओळीत 'फॉल्स' पुसून 'ट्रू' लिहिलं, अक्षर अक्षर बघून, आणि पान वर चढवलं. पहिल्यांदा चढलं नाही, एक कंस माझ्याकडून पुसला गेला होता. तो घातला. मग चढलं.

पुन्हा उलटी बाजू उघडली. यादी होती, पुस्तकं होती, दिवे होते. पण ज्यावरून मी चालायची ते काही नव्हतं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे कुठे जायचं ते कळेना. बंद केलं. चुलीवरचं पाणी पार आटलं होतं, भगुलं बुडाशी काळं पडलं. ते अजून घासून निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंचरहून नारायणगावची एसटी धरली, तिथून येडगावला गेले. लंकाबाईच्या गिरणीत उभी राहून तिच्याच फोनवर पान उघडलं, पेटीचं झाकण काढलं आणि आत होती ती पुस्तकं एकेक करून बाहेर काढली. एकेचाळीसही ओळींतला दिवा डोळ्यांनी बघितला, हिरवा असेल तिथे पुस्तक समोर आहे ना ते ताडलं, आणि पुस्तकं परत पेटीत ठेवली.

द्रौपदामावशी